जामगी, चकमक आणि चाप

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालेला, पुढे संगणकाचा कुठलासा अभ्यासक्रम करून पुण्यात स्थिरावलेला. फराळाची ताटली बाजूला सारून त्याने भ्रमणध्वनी माझ्यापुढे धरला. पडद्यावर बंदुकीसारखे काहीतरी होते. निळ्या-काळ्या धातूचे, वर एक गोल डबा, मागे खांद्याला टेकवायची छोटी टाकी.

"ही कसली बंदूक?" मी विचारले.

"सर, बंदूक नाही म्हणायचं. मार्कर म्हणायचं."

आमच्या पिढीचा मार्कर म्हणजे खडूला निवृत्त करणारी, पांढऱ्या फळ्यावर लिहायची जाड लेखणी. हा मार्कर पेंटबॉल नावाच्या खेळातला. दोन चमू मैदानात आडोसे धरून उभे राहतात आणि रंगाने भरलेल्या गोळ्या एकमेकांवर झाडतात. ज्याच्या अंगावर गोळी फुटून रंग लागला तो बाद. हा विद्यार्थी दर रविवारी असला खेळ खेळतो. त्याच्याजवळचा मार्कर यांत्रिक, आणि त्याला आता विजेरीवर चालणारा हवा होता. "अपग्रेड करायचंय," तो म्हणाला. या शब्दाला मराठी प्रतिशब्द नाही असे मी म्हणणार नाही, पण 'सुधारित आवृत्ती' म्हटले की पुस्तक डोळ्यांपुढे येते आणि 'बढती' म्हटले की कारकून. तेव्हा त्याचा शब्द मी तसाच ठेवतो. माझ्याकडे तो आला याचे कारण एवढेच की महाविद्यालयाच्या सहलीत मी त्याला परांड्याच्या किल्ल्यावर तोफा दाखवल्या होत्या. तोफेविषयी बोलणाऱ्या माणसाला चापाविषयीही कळत असेल, असा त्याचा भाबडा समज.

मला कळत नव्हते. पण त्याने त्या यंत्राची जी माहिती सांगितली ती ऐकताना, गेली काही वर्षे वर्गात इतिहासाची पार्श्वभूमी शिकवताना मी जे एक वाक्य बेफिकिरीने उच्चारत आलो, ते वाक्य मला डाचू लागले. 'मराठे शस्त्रास्त्रांत मागे पडले म्हणून हरले' हे ते वाक्य. उत्तरपत्रिकांतून ते शेकड्याने माझ्याकडे परत येते आणि मी त्यावर निमूटपणे गुण देतो.

आधी यंत्र समजून घेऊ. पेंटबॉलची गोळी सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची, जिलेटिनच्या पातळ कवचाची, आत पाण्याने धुऊन जाणारा रंग. ती दारूने उडत नाही, दाबलेल्या हवेने उडते. यांत्रिक मार्करमध्ये चाप ओढला की एक अडकवण सुटते, स्प्रिंगच्या जोराने लोखंडी ठोकळा झडपेवर आदळतो, झडप क्षणभर उघडते आणि हवेचा झोत गोळीला नळीबाहेर ढकलतो. विजेरीच्या मार्करमध्ये चाप म्हणजे केवळ एक बटण. बोट लागले की इवल्याशा सर्किट बोर्डाला निरोप जातो, बोर्ड विजेवर चालणारी झडप उघडतो, आणि गोळी नळीत नीट बसली आहे की नाही हे पाहणारे प्रकाशाचे 'डोळे'ही त्यात असतात. बोटाला जोर लावावा लागत नाही, म्हणून सेकंदाला दहाबारा गोळ्या सहज सुटतात.

इथवर सारे आकर्षक आहे. पण खरी गोष्ट पुढे आहे. विजेरीच्या मार्करला कार्बन डायऑक्साइडची जुनी बाटली चालत नाही. त्यातला द्रव वायू आत शिरला तर नाजूक झडप बिघडते, म्हणून उच्च दाबाच्या साध्या हवेची टाकी घ्यावी लागते. ती टाकी भरून देणारा काँप्रेसर मैदानावर असावा लागतो. गोळ्या इतक्या वेगाने सुटू लागल्या की वरच्या डब्यातून त्या आपोआप ओघळत राहणे पुरत नाही, मोटारीने आत ढकलणारा डबा घ्यावा लागतो. आणि शेवटी गोळ्यांचाच खर्च. पूर्वी दिवसभर पुरणारी पिशवी आता तासाभरात संपते. "आणि बोर्ड गेला तर?" मी विचारले. तो हसला. स्प्रिंग तुटली तर पुण्यातला काय, धाराशिवातलाही कोणी कारागीर ती बसवून देईल. बोर्ड मात्र परदेशातूनच मागवायचा.

मला वाटते, बंदुकीचा सगळा इतिहास या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

'बंदूक' हा शब्दच पाहा. अरबीत 'बुंदुक' म्हणजे डोंगरी बदामासारखे एक कठीण कवचाचे फळ; त्यावरून गोटी, गोळी; पुढे गोट्या फेकायच्या धनुष्याला ते नाव मिळाले आणि शेवटी दारूच्या नळीला. म्हणजे नाव मूळचे गोळीचे, नळीने ते पळवले. माझ्या विद्यार्थ्याचा खेळही गोळीच्या नावानेच ओळखला जातो हा योगायोग गमतीचा आहे. आपल्या भाषेने ही नावे कुठूनकुठून आणली ते पाहिले की हत्यारांच्या व्यापाराचा नकाशाच उलगडतो. तोफ तुर्कीतून आली, पिस्तूल आणि काडतूस पोर्तुगिजांकडून, गारदी फ्रेंचांच्या 'गार्द'वरून. जंबुरा म्हणजे मूळ फारसीत गांधीलमाशी. उंटाच्या पाठीवरून डंख करणारी हलकी तोफ. सुतरनाळ तीच, फक्त तिच्या नावात उंट स्पष्ट आहे. याउलट ठासणी, कान, बार, जामगी हे शब्द इतके घरचे झाले की त्यांच्यातून वाक्प्रचार निपजले. फुसका बार, बत्ती देणे, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे, तोफेच्या तोंडी देणे. यांतला 'फुसका बार' मला सर्वांत बोलका वाटतो. कानावरची रंजक भुर्रकन पेटायची, धूर निघायचा आणि आतला बार तसाच राहायचा. आवाजाची अपेक्षा आणि नुसता धूर, ही अनुभूती ज्यांनी रणात घेतली त्यांनीच हा शब्द घडवला असणार.

आता परांड्याकडे. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा भुईकोट. बांधणीचे श्रेय परंपरेने बहमनी वजीर महमूद गवानकडे जाते. इ. स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने मूर्तजा निजामशहा दुसरा याला गादीवर बसवले आणि काही काळ निजामशाहीची राजधानी परांडा झाली. विजापूरच्या बुरुजावर आज पर्यटक जिच्यासमोर छायाचित्रे काढतात ती मलिक-ए-मैदान तोफ याच किल्ल्यात होती. १५४९ साली अहमदनगरात, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. लांबी चौदा फुटांच्या आसपास, तोंडाचा व्यास सव्वादोन फुटांहून अधिक, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या श्वापदाचा जबडा कोरला आहे. आपल्या काळातले ते सर्वांत मोठे अपग्रेड म्हणायला हरकत नाही.

१६३२ साली आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ही तोफ परांड्याहून विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे परंपरा सांगते. तिच्यासोबत निघालेली दुसरी एक तोफ वाटेत नदीत बुडाली अशीही आख्यायिका आहे. विजापुरात पुढे तिला शेरजा बुरुजावर जागा मिळाली. बत्ती देणारा गोलंदाज आवाजापासून बचाव व्हावा म्हणून शेजारच्या हौदात बुडी मारायचा असे तिथले वाटाडे सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ते खरे वाटते. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरून घेतला. म्हणजे तोफ होती, जागेवर होती, आणि शहर पडले. १८५४ साली तिचा लिलाव झाला तेव्हा बोली दीडशे रुपयांवर थांबली; पुढे तो व्यवहार रद्द झाला म्हणून ती आज पाहायला मिळते.

पण मला परांड्याची उलट बाजू अधिक महत्त्वाची वाटते. आपली सर्वांत मोठी तोफ गमावल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १६३४ साली, शहाजादा शुजा आणि महाबतखान मोगल फौज घेऊन परांड्यावर चालून आले. सुरुंग लावले, मोर्चे बांधले. किल्ला पडला नाही. मोगल सरदारांची आपसातली तेढ, आदिलशाही स्वारांनी तोडलेली रसद, दाणावैरणीची टंचाई आणि डोक्यावर आलेला पावसाळा यांनी वेढा उठवला. महाबतखान त्याच वर्षी बऱ्हाणपुरास वारला. मलिक-ए-मैदान असती तर काय झाले असते हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ती नसताना जे झाले ते पुरेसे बोलके आहे.

नळदुर्गालाही उपळ्या बुरुजावर दोन लांबलचक तोफा आहेत, हत्ती तोफ आणि मगर तोफ. बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधणाऱ्या इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळातले अभियांत्रिकी कसब थक्क करणारे आहे. १६१३ च्या त्या बांधावरून आजही पावसाळ्यात नर आणि मादी धबधबे कोसळतात. पर्यटक धबधबे पाहतात, बुरुजाच्या पायऱ्या चढायला फारसे कोणी तयार नसते. मी विद्यार्थ्यांना वर नेतो तेव्हा त्यांना एकच गोष्ट करायला सांगतो: तोफेचा कान शोधा. ती एवढीशी भोके पाहिली की कळते, सारे शास्त्र तिथे होते. आग आत कशी पोचवायची हाच बंदुकीचा मूळ प्रश्न, आणि जामगीपासून सर्किट बोर्डापर्यंतचा प्रवास हा त्याच प्रश्नाच्या उत्तरांचा.

जामगीची किंवा तोड्याची बंदूक म्हणजे सोऱ्यात बुडवलेली दोरी धुमसत ठेवायची आणि चाप ओढला की ती रंजकीवर टेकवायची. दोष उघड आहेत. पावसात दोरी विझते, अंधारात तिचा निखारा शत्रूला दिसतो, आणि शेजारीच दारूचा शिंगाडा असतो. चकमकीच्या बंदुकीने हे दोष दूर केले. गारगोटी पोलादावर घासली जाते, ठिणगी पडते, दोरी लागतच नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या सैन्यांनी ती मोठ्या प्रमाणावर घेतली. मग दक्षिणेत अठराव्या शतकातही तोड्याच्या बंदुका का राहिल्या? आपल्या पाठ्यपुस्तकांचे उत्तर 'अज्ञान' हे आहे.

हे उत्तर मला आता मान्य नाही. गारगोटीला बालाघाटात तोटा नव्हता. काळ्या बेसाल्टात तिचे खडे ठायी ठायी सापडतात. चकमकही घरोघर होती. धनगर आणि शेतकरी चिलीम पेटवायला चकमक, गारगोटी आणि कापूस कमरेच्या पिशवीत बाळगत. म्हणजे तत्त्व मेंढपाळालाही ठाऊक होते. अडचण होती कमानीची. गारगोटी धरणारा घोडा झटक्याने आपटावा म्हणून आत जी पोलादी कमान लागते तिला नेमके पाणी द्यावे लागते. थोडे कमी दिले तर ती वाकते, जास्त दिले तर तुटते. शिवाय ज्या पोलादी पट्टीवर ठिणगी पडायची तिचा पृष्ठभाग कठीण करावा लागतो. गावच्या लोहाराला तोड्याची बंदूक दुरुस्त करता येई, हे जमत नसे. दुसरे असे की आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीची नळी लांब, मार दूरवरचा, आणि गारगोटी झिजून ऐन वेळी ठिणगी न पडण्याची भीती नाही. दुरून नेम धरून मारणाऱ्या, घोड्यावरून उतरून आडोसा धरणाऱ्या माणसाला तीच बरी होती. चकमकीची बंदूक खुलली ती रांगेत उभ्या राहून एकदम बार काढणाऱ्या, कवायत शिकलेल्या, संगिनी लावलेल्या पलटणीच्या हातात. पलटण नसेल तर चकमक ही अर्धीच वस्तू.

महादजी शिंद्यांच्या दरबारात हे नेमके समजलेले दिसते. १७८४ मध्ये नोकरीत घेतलेल्या द बॉयने कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका बनवण्याचा कारखाना चालला, आणि तरीही द बॉयने पठाणांच्या 'नजीब' पलटणींना चकमकीऐवजी तोड्याच्याच बंदुका दिल्या, फक्त त्यांना संगीन जोडली. याला कोणी मागासलेपणा म्हणेल. मला तो हिशेब वाटतो.

जुने आणि नवे यांची अशी जोड आपल्याकडे हत्यारांत नवी नव्हती. तुळजापूर आमच्याच जिल्ह्यातले. भवानीने शिवाजी महाराजांना तलवार दिली ही आख्यायिका तिथे प्रत्येक मुलाला ठाऊक असते आणि तिचे स्थान श्रद्धेचे आहे. इतिहासातली मराठी तलवार मात्र बहुतेक वेळा 'फिरंग' असे: पाते युरोपातून आलेले, मूठ इथली. पाते उत्तम म्हणून घेतले, मूठ आपल्या हाताला बसते म्हणून बदलली नाही.

मग बिघडले कुठे? उदगीरपासून पाहू. उदगीर आता लातूर जिल्ह्यात आहे, पण १९८२ साली लातूर वेगळा होईपर्यंत ते आमच्याच जिल्ह्याचे तालुक्याचे ठिकाण होते. फेब्रुवारी १७६० मध्ये तेथे आणि औशाच्या बाजूला सदाशिवरावभाऊंनी सलाबतजंग आणि निजामअली यांना नमवले. ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर ही ठाणी तहात मिळाली. या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता. बुसीच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस निजामाकडून मराठ्यांकडे आला होता. भाऊंचा त्याच्यावर विश्वास बसला तो या मुलखात, आमच्या घरापासून काही कोसांवर.

त्यानंतर अकरा महिन्यांनी पानिपत. 'भाऊसाहेबांची बखर' अभ्यासक्रमात नेमलेली असते तेव्हा विद्यार्थी तिच्या भाषेवर लुब्ध होतात. मी त्यांना एक वाद शोधायला सांगतो. गनिमी काव्याने लढायचे की गोलाची लढाई द्यायची? गोलाच्या लढाईत तोफा आणि गारदी पुढे, स्वार बाजूंना, साऱ्यांनी आपापली जागा धरून चालायचे. मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदाराची हयात दुसऱ्या पद्धतीत गेलेली. १४ जानेवारी १७६१ रोजी गारद्यांनी आपले काम चोख केले. त्यांच्या माऱ्यापुढे रोहिल्यांची फळी हटली. पण बाजूचे स्वार जागा सोडून पुढे धावले आणि गोल फुटला, तोफांचा मारा आपल्याच माणसांमुळे अडला. अब्दालीजवळ जड तोफा कमी असतील, पण उंटांवरचे जंबुरे जिथे हवे तिथे जात होते. नवी तोफ विकत मिळाली होती. तिच्याभोवती कसे उभे राहायचे हे साऱ्या सैन्याला शिकवायला वेळ मिळाला नव्हता, आणि उपाशी फौजेला काही शिकवताही येत नाही.

गारद्यांना दरमहा रोख पगार लागे. सरंजामी स्वार पिकाच्या हंगामात घरी जाई, लुटीत वाटा घेई, वतनावर जगे. कवायती शिपायाला हे काहीच नव्हते, त्याला पैसा हवा. १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात शिरलेले गारदी थकलेल्या पगाराचाच बहाणा करून आले होते. नारायणरावांचा खून हे कारस्थानाचे फळ, हे खरेच. पण थकलेला पगार हा बहाणा कोणालाही सहज पटण्यासारखा होता, ही गोष्टही इतिहासाचाच भाग आहे. पेंटबॉलच्या भाषेत सांगायचे तर मार्कर घेतला, पण गोळ्यांचे पैसे उधारीवर.

१८०३ ची असईची लढाई मराठवाड्यातच, आजच्या जालना जिल्ह्यात झाली. २३ सप्टेंबरच्या त्या एका दिवसात आर्थर वेलस्लीच्या फौजेचे ४२८ मेले आणि अकराशेहून अधिक जखमी झाले. शिंद्यांच्या तोफांनी इंग्रज पलटणी अक्षरशः विंचरून काढल्या. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या सेनापतीला आपली सर्वोत्तम लढाई कोणती असे विचारल्यावर त्याने असईचे नाव घेतले, असे सांगतात. पकडलेल्या तोफांची संख्या शंभराच्या घरात होती आणि त्या इंग्रजांच्या तोफांहून हीन नव्हत्या. मग हार का? सुरेंद्रनाथ सेनांनी १९२८ मध्ये मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवर लिहिले तेव्हापासून या प्रश्नाची बरीच चर्चा झाली आहे. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जे मांडले ते मला सर्वांत पटते. त्यांच्या मते इंग्रजांचे श्रेष्ठत्व बंदुकीत नव्हते. ते पैशात होते: सैनिकांच्या बाजारातून माणसे विकत घेण्याच्या, सावकारांकडून कर्ज उभारण्याच्या ऐपतीत. युद्ध सुरू होताच शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याचे आवाहन झाले, सोडणाऱ्यांची पोटापाण्याची सोय लावली गेली, आणि पेराँ स्वतःच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. १ नोव्हेंबरला लासवारीत शिंद्यांचे गोलंदाज वरचे अधिकारी निघून गेल्यावरही तोफांपाशी लढत मेले. बोर्ड परदेशी होता. तो काढून नेला, आणि यंत्र हातात नुसते लोखंड होऊन राहिले.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो इशारा दिला आहे त्यात त्यांचे बळ आरमार आणि दारूगोळा असल्याचे नेमके ओळखले आहे. पण मला त्या ग्रंथातला त्याहून साधा भाग आवडतो. दारूखाना वस्तीजवळ नसावा, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण बाहेर काढून उन्हात घालावे असे तिथे बजावले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा मुत्सद्दी नव्या हत्याराच्या गोष्टी सांगत नाही, आहे त्या दारूला ऊन दाखवा म्हणतो. मराठी गद्यात देखभालीवर इतके गंभीरपणे लिहिणारे दुसरे कोणी मला चटकन आठवत नाही.

अपग्रेडचा आणखी एक धोका १८५७ ने दाखवला. एन्फील्डची नवी बंदूक जुन्या बंदुकीपेक्षा सर्वार्थाने सरस होती. फक्त तिचे काडतूस दाताने तोडावे लागे आणि त्याला चरबी लावलेली असल्याची बातमी फुटली. यंत्र सुधारताना माणसाच्या तोंडाचा विचार कोणी केला नव्हता. त्या वेळी आमचा जिल्हा, म्हणजे तेव्हाचा नळदुर्ग, १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे आलेला होता आणि ठगाच्या कादंबरीमुळे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेला फिलिप मेडोज टेलर येथे डेप्युटी कमिशनर होता. १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत गेला.

आणि मग १९४८. रझाकारांपैकी थोड्यांजवळ आधुनिक हत्यारे होती. बहुसंख्यांच्या हाती ठासणीच्या बंदुका, तलवारी, भाले. निःशस्त्र गावकऱ्यांवर धाक बसवायला ते पुरे होते, हे सरहद्दीवरच्या गावांतली वडीलधारी माणसे सांगत असत. १३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून भारतीय सैन्य निघाले आणि पहिली चकमक नळदुर्गालाच झडली. बोरी नदीवरचा पूल त्यांनी शाबूत हाती घेतला, हे त्या दिवसाचे मोठे यश. ज्या नदीच्या भरवशावर तीनशे वर्षांपूर्वी किल्ला अभेद्य केला, ती ओलांडायला एक पूल पुरला. वर उपळ्या बुरुजावर हत्ती तोफ आणि मगर तोफ होत्याच. 'चकमक' हा शब्द मी वर लढाईच्या अर्थाने वापरला, तो ठिणगीच्या पोलादावरूनच आलेला आहे हे लिहिल्यावर लक्षात आले. असो.

विद्यार्थ्याला मी यातले निम्मेच सांगितले. त्यानेही मला एक गोष्ट सांगितली, ती माझ्या साऱ्या दाखल्यांपेक्षा चांगली होती. मार्कर हे मूळचे खेळाचे साधन नव्हे. अमेरिकेत तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर दुरून रंगाची खूण करण्यासाठी १९७० च्या दशकात ते वापरात आले, म्हणून नाव मार्कर. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावच्या रानात बारा जणांनी त्या पिस्तुलांनी पहिला खेळ खेळला. एकावेळी एक गोळी, दर वेळी हाताने दट्ट्या ओढायचा. झेंडे गोळा करायचे होते. जिंकला तो रिची व्हाइट, जंगलात काम करणारा माणूस. त्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नव्हती.

विजेरीचे चाप १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले, त्यानंतर खेळच बदलला. रान गेले, सपाट मैदानावर हवा भरलेले आडोसे आले, आणि गोळ्यांचा पाऊस. शेवटी स्पर्धांमध्येच सेकंदाला किती गोळ्या याची मर्यादा घालावी लागली. "म्हणजे जो वेग विकत घ्यायचा, त्यालाच नियमाने लगाम," तो म्हणाला. हे म्हणताना त्याच्या आवाजात थोडी नाराजी होती, आणि पडद्यावरचे निळे यंत्र त्याने अजून बंद केले नव्हते.

संक्रांतीच्या सुमारास त्याचा फोन आला. नवा मार्कर घेतला नव्हता. जुन्याच्या स्प्रिंगा आणि रबरी कड्या बदलून घेतल्या होत्या, उच्च दाबाच्या हवेची टाकी घेतली होती, आणि उरलेल्या पैशांत गोळ्यांची दोन खोकी. विजेरीचा मार्कर पुढच्या वर्षी बघू, टाकी तर तेव्हाही चालेल, असे म्हणाला. मग त्याने विचारले, "सर, ते रंजक म्हणजे नक्की काय? कानावर घालायची ती दारू आतल्यापेक्षा बारीक असते का?" मी हो म्हणालो, आणि बारीक का असते ते सांगू लागलो तेवढ्यात त्याला कार्यालयातून दुसरा फोन आला.